दानशूर नेमकं कोणाला म्हणायचं?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. एका शब्दापायी आमच्या माजी विद्यार्थी मंडळात दोन तट पडलेत म्हणून धागा काढतेय.

आमच्या गावच्या शाळेत वाचनालयाची खोली बांधून झाली. तिचा जवळपास सगळा खर्च गावातल्याच एका निवृत्त बाईंनी दिलाय. जन्मभर अंगणवाडीत लोकांची पोरं सांभाळली आणि जे काही गाठीला होतं त्यातलं बरंचसं या खोलीत घातलं. आता दाराशेजारी फरशी बसवायचीय. मी मजकूर केला, 'दानशूर श्रीमती अमुक यांच्या देणगीतून'. त्यावर मंडळातले एक काका म्हणाले की दानशूर हा शब्द शेठजी-कारखानदारांना शोभतो, बाईंना नुसतं देणगीदार म्हणा. दुसऱ्या एकांचं म्हणणं, शूर हे पुरुषालाच लागतं, बाईमाणसाला दानशूर म्हणणं बरोबर वाटत नाही. मला दोन्ही पटत नाहीये, पण मीटिंगमध्ये मुद्देसूद बोलता आलं नाही.

तर दानशूर म्हणजे नेमकं काय, दानवीर, दाता, देणगीदार, उदार यांच्यात फरक काय, आणि तुमच्याकडे बोलताना काय म्हणतात, जे सुचेल ते लिहा. फरशीवाल्याला मजकूर द्यायचाय त्यामुळे जरा घाई आहे.

गोदाकाठ

सोनचाफा, आधी व्याकरणाचं मिटवून टाकू. दानशूर म्हणजे दानात शूर, सप्तमी तत्पुरुष, आणि हे विशेषण आहे, मराठीत ते लिंगानुसार बदलत नाही. शूर मुलगा, शूर मुलगी, तसंच दानशूर गृहस्थ, दानशूर बाई. यात चूक काहीच नाही. दात्याचं मात्र स्त्रीलिंगी रूप होतं, दात्री, पण ते आपण प्रार्थनेत नाहीतर कवितेतच ऐकतो, बोलताना कोणी म्हणत नाही.

आता अर्थाकडे. देण्यासारख्या मवाळ गोष्टीला शूर आणि वीर असले लढाईतले शब्द का लावले असतील? संस्कृत साहित्यशास्त्रात वीररसाचे चार प्रकार सांगितलेत, युद्धवीर, दानवीर, धर्मवीर आणि दयावीर. या सगळ्यांचा स्थायीभाव एकच, तो म्हणजे उत्साह. रणात उडी घेणाऱ्याच्या मनात जी उसळी असते तीच देणाऱ्याच्या मनात असते असं त्या लोकांचं म्हणणं. आणि दानवीराचं उदाहरण म्हणून त्यांनी कोणी सावकार घेतलेला नाही, परशुराम घेतलाय, ज्यानं जिंकलेली सगळी पृथ्वी देऊन टाकली आणि स्वतःला राहायला जागा ठेवली नाही.

कर्णाचंही तसंच बघा. कवचकुंडलं मागायला इंद्र ब्राह्मणाच्या वेशात येणार आहे, देऊ नकोस, जीव जाईल, हे सूर्यानं त्याला आधीच बजावलेलं होतं. त्यानं समजून उमजून दिली. म्हणून तो दानशूर. त्याच्याकडे अंगदेशाचं राज्य होतं, रोज सोनं वाटायचा, पण लोकांनी लक्षात काय ठेवलं तर अंगाची सोलून दिलेली कवचकुंडलं. जे दिल्यावर आपलं काही जाणार आहे, धोका आहे, ते देणं म्हणजे शौर्य. उरलेल्यातलं देणाऱ्याला उदार म्हणा, दाता म्हणा, चांगलेच शब्द आहेत ते पण दानशूर त्याच्या वरची पायरी आहे.

अमरकोशात भरपूर देणाऱ्याला चार शब्द सापडतात, वदान्य, स्थूललक्ष्य, दानशौंड, बहुप्रद. मला त्यातला दानशौंड फार आवडतो. शौंड म्हणजे दारूच्या आहारी गेलेला, तर दानशौंड म्हणजे ज्याला देण्याची चटक लागलीये असा.

थोडक्यात, आयुष्याची पुंजी शाळेला देणाऱ्या बाई या शब्दात शंभर टक्के बसतात आणि शेठजींनाच तो सिद्ध करून दाखवावा लागेल.

वैदर्भी

गोदाकाठ, भारी लिहिलंत. पण एक सांगते, बोलताना दानशूर हा शब्द मी घरात कधी ऐकलेला नाही. तो भाषणातला, पत्रिकेतला, पेपरातला शब्द. घरात म्हणायचे 'हात सैल आहे हो तिचा', 'मोठ्या मनाचा माणूस', 'कर्णाचा अवतार आहे नुसता'. आणि उलट असेल तर 'द्यायची दानतच नाही'.

या दानत शब्दाची गंमत अशी की दान आणि दानत यांचं काही नातं नाही! मला कैक वर्षं वाटायचं की देण्याची वृत्ती ती दानत. पण तो अरबी-फारसीतून आलेला दियानत आहे, मूळ अर्थ सचोटी, नेकी. म्हणजे 'त्याची दानत चांगली नाही' हे आपण जे म्हणतो तेच जुनं, नियत या अर्थानं. पुढे दान शब्द शेजारी असल्यामुळे दोन्ही मिसळून गेलं. दिलदार पण फारसीच, खैरात अरबी. देणाऱ्याचं कौतुक करताना आपण कुठलीच भाषा शिवायची ठेवलेली नाही.

आमच्या नागपुरात एक मोठं उदाहरण आहे, रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, मँगनीजच्या खाणींचा व्यवसाय होता त्यांचा. मृत्युपत्रात त्यांनी विद्यापीठाला तंत्रशिक्षणासाठी एवढा पैसा ठेवला की त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली, जिला अख्खं नागपूर एलआयटी म्हणून ओळखतं. आता ते श्रीमंत होते, त्यांना दानशूर म्हणू नये का? मला तरी म्हणावंसं वाटतं. बाईंनाही म्हणावंसं वाटतं. शब्द एवढा लहान का करायचा की त्यात एकच मावेल?

सातारी_कंदी

वैदर्भीताई, शब्द लहान करायचा प्रश्न नाही हो, तो श्रीमंतांच्या नावावर खरेदीखत करून दिल्यासारखा झालाय हा प्रश्न आहे. पेपरात वाक्य ठरलेलं, 'दानशूर व्यक्तींनी पुढे यावे असे आवाहन करण्यात आले आहे'. पूर येवो, कुणाचं ऑपरेशन असो, देवळाचा कळस असो. इथे दानशूर म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे तो, अजून दिलेला नाही, देईल की नाही माहीत नाही, पण आधीच दानशूर! ज्यानं अजून हात खिशात घातला नाही त्याला शूर कशाला म्हणायचं?

आता आमच्या साताऱ्याची गोष्ट सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. पैसा कुठला? लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने एकेक करून मोडले आणि पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं. त्या काळात एका सवाष्ण बाईनं मंगळसूत्र काढून देणं म्हणजे काय असेल, लोक काय बोलले असतील, विचार करा. दानशूर शब्द ह्या माउलीला नाही लावायचा तर कोणाला लावायचा. तुमच्या काकांना एवढीच एक गोष्ट सांगा आमच्याकडून.

आणि दुसरं म्हणजे मुष्टिफंड. गावोगावच्या बायका रोज स्वयंपाकाला धान्य घेताना त्यातली एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायच्या, आठवड्यानं पोरं येऊन गोळा करून न्यायची. माझी आजी सांगायची, आधी मूठ टाकायची आन मग जात्याला हात लावायचा, नंतर टाकू म्हटलं की राहून जातं. आणि ज्या घरात त्या दिवशी दोनच मुठी असायच्या तिथंही मडक्यात चिमूट तरी पडायची, रिकामं जाऊ द्यायचं नाही. ती मूठ घालणाऱ्या बायकांची नावं कुठल्याच फरशीवर नाहीत. रयतच्या वसतिगृहात शिकून माणसं कुठल्या कुठे पोचली, त्यांच्या अंगात ते धान्य आहे.

काळाघोडा

सातारी, मान्य, पण शेठ लोकांना इतकं झोडू नका. मुंबईतून त्यांची देणी काढून टाकली तर अर्धं शहर गायब होईल.

माहीमचा कॉजवे घ्या. आधी माहीमहून वांद्र्याला जायचं तर होडी, पावसाळ्यात होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. सरकार खर्चाला तयार नव्हतं. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ साली रस्ता खुला झाला. सोनचाफा, तुमच्या दुसऱ्या काकांसाठी हे उदाहरण, बाईच आहेत देणाऱ्या! आणि त्या अटीत मला खरी थोरवी दिसते, नुसते पैसे टाकून मोकळ्या झाल्या नाहीत, गरिबाला जाता आलं पाहिजे इथपर्यंत विचार केला.

प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि मनोऱ्याला मिळून ४ लाख दिले, मनोऱ्याला आईचं नाव दिलं, राजाबाई. पुढे १८६५ मध्ये कापसाचा बाजार कोसळला आणि त्यांचं जवळपास सगळं बुडालं. मनोरा पुरा झाला १८७८ ला. एसएनडीटी विद्यापीठाचंही तसंच, सर विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० मध्ये १५ लाख दिले आणि नाव आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. आपण नुसती आद्याक्षरं म्हणतो आणि त्यामागे एका मुलानं आईला वाहिलेलं नाव आहे हे विसरतो.

पुण्याचं ससून हॉस्पिटल डेव्हिड ससून यांच्या पैशातलं, १८६७ ला सुरू झालं, ते स्वतः त्याआधीच १८६४ ला वारले आणि पुण्यातच, लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनागृहाच्या, आवारात त्यांची कबर आहे. आज ससूनला जो पेशंट जातो त्यातल्या बहुतेकांना ससून हे माणसाचं नाव आहे हेही माहीत नसतं. नाव इतकं वापरात आलं की माणूस त्यात विरघळला.

रानजाई

काळाघोडा, सगळं खरं, पण जमशेटजी काय नि ससून काय, यांच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूच्या व्यापाराचा मोठा वाटा होता, हे पण त्याच फरशीवर यायला हवं ना. हॉस्पिटलचा उपकार मी नाकारत नाही, माझ्या घरातलं माणूस ससूनमध्ये बरं होऊन आलंय. पण दानशूर म्हटलं की पुढचा प्रश्नच बंद होतो, पैसा कुठून आला हे कोणी विचारत नाही. म्हणून मला हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

आणि मला मुळात दान या शब्दाचाच त्रास होतो. दान म्हटलं की देणारा वर आणि घेणारा खाली, हात पसरून. शाळा ही पोरांच्या हक्काची गोष्ट आहे. वाचनालयात येणारं पोर रोज ती फरशी वाचणार, त्याला आपण कुणाच्या दानावर शिकतोय असं का वाटावं?

विनोबांनी यावर फार सुंदर मार्ग काढला होता. १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली, तिथल्या दलितांनी कसायला ८० एकर जमीन मागितली आणि गावातल्याच रामचंद्र रेड्डींनी उभं राहून १०० एकर देतो म्हटलं, तिथून भूदान सुरू झालं. पण विनोबा दानाचा अर्थ सांगताना शंकराचार्यांचं वचन सांगायचे, 'दानं संविभागः'. दान म्हणजे नीट वाटून घेणं. भावांमध्ये वाटणी होते तशी, त्यात उपकार नाही. मला वाटतं सोनचाफा, फरशीवर दान शब्दच नको, 'श्रीमती अमुक यांनी आपल्या कमाईतला वाटा या खोलीसाठी दिला' असं साधं लिहा.

शिलालेखवेडा

धागा उशिरा पाहिला. फरशीचा विषय निघालाय तर आपल्याकडची एक फार जुनी फरशी सांगायला हवी, म्हणजे फरशी नाही, अख्खा डोंगर.

नाशिकच्या पांडवलेण्यांत १० नंबरचं लेणं आहे. तेव्हाचा इथला शक राजा क्षत्रप नहपान, त्याचा जावई उषवदात, संस्कृतात ऋषभदत्त, त्यानं ते कोरवून घेतलं आणि भिंतीवर आपली सगळी देणी कोरून ठेवली, जवळपास १९०० वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन लाख गाई, सोळा गावं, वर्षाला लाख ब्राह्मणांना भोजन हे सगळं आहेच, त्या आकड्यांत राजेशाही थाट असणार. मी मात्र दर वेळी अडकतो तो पुढच्या भागात. त्यानं इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट होड्यांची सोय केली होती असं लिहिलंय. दाहनुका म्हणजे आपलं डहाणू! काळाघोडांनी अवाबाईंची टोल न घेण्याची अट सांगितली तेव्हा अंगावर काटा आला, त्याच किनाऱ्यावर, होडीसाठी पैसे पडू नयेत म्हणून झटणारं माणूस दीड हजार वर्षांहून आधी होऊन गेलंय.

दुसऱ्या लेखात तर चक्क बँकेचा व्यवहार आहे. लेण्यात पावसाळ्याला राहणाऱ्या २० भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्यानं ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले. त्यातले २००० नाशिकजवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दरमहा शेकडा १ व्याजानं. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजानं. आता हिशोब करा, २००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०, आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्राचे. बरोबर २४०! हजाराचं व्याज किरकोळ खर्चाला. मुद्दल परत घ्यायचं नाही, मोडायचं नाही, त्याला शब्द आहे अक्षयनीवी. आपल्याकडे अजूनही संस्थांमध्ये 'कायम ठेव, फक्त व्याज वापरावे' असं असतं ना, तेच हे. आणि पुढे लिहिलंय की हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं. म्हणजे सोनचाफाताई, तुमच्या मंडळाची मीटिंग आणि तुमची फरशी दोन्ही तेव्हाही होतं.

आता शब्दाकडे येतो. ह्या लेखांमध्ये देणाऱ्याला दानशूर, दानवीर असं काही लावलेलं नाही. तिथे देणगीला शब्द आहे, 'देयधम', देयधर्म, द्यायचा तो धर्म. नाव, बापाचं नाव, गाव किंवा धंदा, आणि देयधम. बहुतेक ठिकाणी विशेषण नाही. १० नंबरच्याच लेण्यात उषवदाताच्या बायकोचा, दक्षमित्रेचा लेख आहे, तो एवढाच की नहपानाची मुलगी, उषवदाताची बायको दक्षमित्रा हिचा देयधम, ओवरक. ओवरक म्हणजे खोली, आपल्या देवळातली ओवरी तीच. वाचनालयाच्या खोलीला याहून जवळचं उदाहरण मिळायचं नाही, बाईनं दिलेली खोली आणि त्या खोलीच्या दारावर तिचं नाव! ३ नंबरचं लेणं तर सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं दिलेलं आहे.

कार्ल्याला मात्र एका शेटजींना राहवलं नाही. वैजयंती नगरीचा भूतपाल शेठी, त्यानं कोरलंय की हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे. पण तेही कौतुक लेण्याचं, स्वतःचं नाही.

गोदाकाठ

शिलालेखवेडा, निव्वळ मेजवानी! अक्षयनीवीचा हिशोब असा मांडून कोणी दाखवला नव्हता.

रानजाई, तुमचं संविभाग मला मनापासून पटलं, पण दान शब्द टाकून द्यायला मन घेत नाही. श्रमदान, रक्तदान, नेत्रदान, देहदान, यात कुठे वर-खाली आहे? रक्त देणाऱ्याला घेणारा कोण हे माहीतही नसतं. उलट दान शब्दानं स्वतःला सुधारून घेतलंय असं मी म्हणेन. पूर्वी गाई, भूमी, सोनं यांचं दान व्हायचं, आज एखाद्याच्या घरात माणूस गेलेलं असतं आणि त्याच क्षणी ते लोक डोळ्यांचा, मूत्रपिंडाचा निर्णय घेतात, कुणाला तरी दिसावं, कुणी तरी जगावं म्हणून. कवचकुंडलं याहून वेगळी काय होती.

पितळी_डबा

मी भाषेची अभ्यासक वगैरे नाही, संस्थेत हिशोब लिहिते, देणगीच्या पावत्या फाडते, आयकर सवलतीची सर्टिफिकेटं देते. त्यामुळे माझ्या रोजच्या वापरातला शब्द देणगीदार. तो शब्द मला कोरडा वाटत नाही कारण त्या एका रकान्यात कुणी ५० रुपये दिलेत तोही देणगीदार आणि कुणी ५ लाख दिलेत तोही देणगीदार. खालच्या कॉलममध्ये फरक, वरच्या कॉलममध्ये सगळे सारखे. जुन्या संस्थांच्या वर्गवारीत मात्र बघा, आश्रयदाते, हितचिंतक, आजीव सभासद, साधारण सभासद, रकमेप्रमाणे शब्द चढत जातो आणि फरशीवर अक्षराचा आकारही.

पण या शब्दांची घडण बघितली की नवल वाटतं. इनामदार, वतनदार, जहागीरदार हे सगळे घेणारे. कर्जदार पण घेणारा. आणि देणगीदार, वर्गणीदार मात्र देणारे! त्याहून पुढचं म्हणजे देणेकरी. देणेकरी म्हणजे देणारा नाही, ज्याच्या डोक्यावर देणं आहे तो, ऋणको. देणं म्हणजे कर्ज आणि देणं म्हणजे दान, 'देवाचं देणं' म्हणजे देवानं दिलेला गळा नाहीतर हुन्नर. आमच्याकडे जे मनापासून देतात ना, त्यांचं बोलणं नेहमी देणेकऱ्यासारखं असतं, 'शाळेचं लागत होतो', 'समाजाचं फेडतोय'. बाईही असंच काही म्हणाल्या असतील बघा.

म्हणी तर माझ्या टेबलासाठीच केल्यात. दाता देतो आणि कोठावळ्याचं पोट दुखतं. कोठावळा म्हणजे कोठाराच्या किल्ल्या ज्याच्याकडे तो, धान्य धन्याचं, देतोय धनी, पण मापून देताना जीव ह्याचा जातो. प्रत्येक संस्थेत एक असतो. आणि हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर आपण उदक सोडायचं. एका ठिकाणी मी स्वतः पाहिलंय, गोळा केलेल्या वर्गणीतून पंखे घेतले आणि पंख्यांच्या पात्यांवर नाव अध्यक्षांचं! मी बोलले तर माझ्याकडचं काम काढून घेतलं. म्हणून सांगते, फरशीवर ज्यानं दिलं त्याचंच नाव येतंय हीच मोठी गोष्ट आहे, ते येऊ द्या.

वैदर्भी

पितळी_डबा 🙏 पंख्यांचं वाचून वाईट वाटलं, पण बोललात हे बरं केलं.

विदर्भाच्या माणसानं गाडगेबाबांचं नाव नाही काढलं तर कसं चालेल. बाबांना कोणी दानशूर म्हणत नाही कारण त्यांच्याजवळ स्वतःचं म्हणून गाडगं आणि खराटा एवढंच. पण लोकांच्या पैशातून धर्मशाळा बांधल्या, नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर, आणि त्यात घरच्या लोकांना थारा दिला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ ला बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. कोठावळा असावा तर असा. याला दाता म्हणा, विश्वस्त म्हणा, मला शब्दच सापडत नाही.

सातारी_कंदी

वैदर्भीताई, गाडगेबाबांचं नाव घेतलंत आणि सगळा वादच मिटवलात.

लहानपणी पाठ केलेलं सुभाषित आठवलं, शंभरात एक शूर जन्मतो, हजारात एक पंडित, दहा हजारात एक वक्ता आणि 'दाता भवति वा न वा', दाता होतो न होतो. सोनचाफा, तुमच्या गावाला तो मिळालाय, फरशीवर शब्द कोणताही येवो, आधी बाईंच्या घरी जाऊन विचारा तर खरं त्यांना काय हवंय!

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं. सातारीदादांचं ऐकलं, काल संध्याकाळी बाईंकडे जाऊन आले.

पितळी_डबाताई, तुम्ही म्हणालात तसंच झालं. बाईंचं पहिलं वाक्य, 'अगं मी त्या शाळेचं देणं लागत होते'. नाव नकोच म्हणत होत्या, गुप्तदान ते दान असं त्यांच्या आईनं शिकवलेलं, आई म्हणे लाडवात नाणं घालून द्यायची, घेणाऱ्यालाही घरी जाऊन फोडल्यावर कळायचं. मी त्यांना दक्षमित्रेच्या ओवरीचं सांगितलं, फोनवर लेख वाचून दाखवला, दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, गावातल्या मुलींनी बाईचं नाव दारावर वाचलं तर बरंच आहे, लिही. पण दानशूर नको, वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला मी ओळखते, त्यांच्यासमोर मला अवघडल्यासारखं होईल.

मी म्हटलं मग फरशीवर नाही, पण उद्घाटनाच्या भाषणात मी म्हणणार, तिथे तुम्ही मला अडवायचं नाही. हसल्या.

मजकूर असा ठरलाय: सगळ्यात वर 'वाचनालय', खाली बाईंचं पूर्ण नाव, त्याखाली 'अंगणवाडी सेविका', आणि त्याखाली 'यांनी ही खोली गावाला दिली'. नाव आणि धंदा आणि काय दिलं, उषवदाताच्या काळी लिहीत तसं. मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पहिल्या काकांनी लगेच हो म्हटलं. दुसऱ्यांनी भाषणातल्या दानशूर शब्दाबद्दल विचारलं तेव्हा मी त्यांना अवाबाई आणि लक्ष्मीबाई दोघींची गोष्ट पाठवली, त्यांनी लक्ष्मीबाईंची गोष्ट पुढे त्यांच्या सुनेला पाठवली असं सुनेकडूनच कळलं.

आणि रानजाई, बाईंच्या ठेवीतले थोडे पैसे उरलेत, त्यांची अक्षयनीवी करायची, म्हणजे फिक्स्डला टाकून दर वर्षी व्याजातून पुस्तकं घ्यायची असं बाईंनीच सुचवलं. पुस्तकं कोणती घ्यायची ते मुलांनी ठरवायचं, ही त्यांची अट. तुमचं संविभाग आलं की नाही त्यात?

रानजाई

आलं! पुस्तकं मुलांनी ठरवायची हे तर फारच आवडलं. पहिल्या वर्षीची मुलांची यादी इथे नक्की टाका, काही पुस्तकं मी पाठवते.

गोदाकाठ

सुंदर मजकूर. कोरण्याआधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि कोरणाऱ्याला तोच कागद द्या, फोनवर सांगू नका. 'यांनी'वरचा अनुस्वार आणि 'दिली'तल्या दोन वेलांट्या, पहिली ऱ्हस्व दुसरी दीर्घ, एवढं तपासा. दगडातली चूक पुसता येत नाही. भाषणाची पत्रिका छापणार असाल तर दानशूरमधला 'शू' दीर्घ, बऱ्याच पत्रिकांवर ऱ्हस्व दिसतो.

काळाघोडा

शिलालेखवेडा, पुढच्या महिन्यात नाशिकला जाणं आहे. १० नंबरच्या लेण्यात हे लेख नेमके कुठे शोधायचे? मागे गेलो होतो तेव्हा गाइडनं पांडवांच्या गोष्टी सांगून बाहेर काढलं.

शिलालेखवेडा

व्हरांड्यात शिरलात की समोरच्या भिंतीवर, एकदम वर छताला लागून बघा, लांबच लांब ओळी आहेत, त्या उषवदाताच्या. दक्षमित्रेचा लेख व्हरांड्याच्या डाव्या टोकाला जी खोली आहे तिच्या दारावर. सकाळी लवकर चढा, पायऱ्या बऱ्याच आहेत आणि ऊन तिरपं असताना अक्षरं नीट उठून दिसतात. बॅटरी न्या पण भिंतीला हात लावू नका. ब्राह्मी वाचता येत नसली तरी 'द' आणि 'न' ओळखायला सोपी अक्षरं आहेत, तक्ता देतो हवा तर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.